कापलेलं नाक आणि नकोसं नाक

विज्ञान दिनाच्या निमित्ताने चंदगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत बोलायला गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर 'आता प्रश्न विचारा' म्हटलं की मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे आम्ही हल्ली एक पुठ्ठ्याचा खोका बरोबर नेतो. ज्याला जे विचारायचं असेल ते त्याने नाव न घालता चिठ्ठीवर लिहावं आणि खोक्यात टाकावं. त्या दिवशीही कृष्णविवर म्हणजे काय, साप दूध पितो का, विजेच्या तारेवर बसलेला कावळा मरत कसा नाही, असे नेहमीचे प्रश्न निघाले. एका चिठ्ठीवर मात्र बारीक अक्षरात लिहिलं होतं, की माझं नाक मोठं आहे, फोटोत तर जास्तच दिसतं. ऑपरेशन करून ते लहान करता येतं का, त्याला वय किती लागतं आणि पैसे किती पडतात?

आम्ही ती चिठ्ठी मोठ्याने वाचली. वर्गात हशा पिकला, आणि पाच-सहा माना मागे वळून एकाच बाकाकडे गेल्या. चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण वर्गाला ते ठाऊक होतं. आमची चूक आमच्या लक्षात आली तोवर उशीर झाला होता. 'अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने' असं काहीतरी बोलून आम्ही पुढच्या चिठ्ठीकडे वळलो.

नंतर शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना एक शिक्षक म्हणाले, "सर, त्याला सगळे 'गरुड' म्हणतात. हजेरी घेताना मीही एकदोनदा म्हटलंय. लाडानं हो."

त्या मुलाला आम्ही उत्तर देणं लागतो. 'करता येतं की नाही' एवढंच सांगून ते पूर्ण होणार नाही. नाकाची शस्त्रक्रिया ही काही परदेशातून आलेली नवी चैन नाही. तिच्या इतिहासातलं एक फार महत्त्वाचं पान पुण्याजवळ लिहिलं गेलं आहे. तो इतिहास कळला, तर नाक दुरुस्त करणं आणि नाक बदलणं यांत काय फरक आहे, आणि त्या फरकात शाळेचा काय संबंध येतो, हे समजायला सोपं जाईल.

नाक कापण्याची शिक्षा

आपल्या भाषेत नाकाला फार मान आहे. अब्रू गेली की नाक कापलं जातं, शरण जाणारा नाक घासतो, हट्ट करणारा नाकावर टिच्चून करतो, आणि न आवडलं की आपण नाक मुरडतो. श्वास घ्यायच्या आणि वास घ्यायच्या या अवयवाला अब्रूचा अर्थ का चिकटला? चेहऱ्याच्या मधोमध, सगळ्यांत पुढे आलेलं नाक लपवता येत नाही, हे एक कारण. पण दुसरं कारण इतिहासात आहे. नाक कापणं ही अनेक शतकं खरोखरची शिक्षा होती. चोरी, व्यभिचार किंवा लढाईतला पराभव, यांपैकी कशासाठीही माणसाचं नाक उतरवलं जाई. अठराव्या शतकात नेपाळमधलं कीर्तिपूर जिंकल्यावर पृथ्वीनारायण शाहाच्या सैन्याने तिथल्या रहिवाशांची नाकं कापली होती. नाक गेल्याने माणूस मरत नाही. उलट तो जगावा आणि सगळ्यांना दिसावा, हाच त्या शिक्षेचा हेतू असे.

जिथे नाकं कापली जात तिथे ती परत बसवण्याची गरजही निर्माण झाली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सोळाव्या अध्यायात याची माहिती आहे. गंमत अशी, की तो अध्याय मुळात कान टोचण्याचा आहे. लहान मुलांचे कान कसे टोचावेत, टोचलेलं भोक हळूहळू कसं वाढवावं, दागिन्यांच्या वजनाने पाळी फाटली तर ती कशी सांधावी, हे सांगता सांगता अध्यायाच्या शेवटी नाक येतं. झाडाचं पान नाकाच्या मापाने कापावं, त्या मापाचा मांसासह तुकडा गालावरून उचलावा, तो नाकाच्या जागी बसवावा, आणि श्वासासाठी दोन नळ्या ठेवाव्यात, अशी ती पद्धत आहे. कान टोचण्यासारख्या घरोघरी होणाऱ्या गोष्टीपासून हे शास्त्र सुरू झालं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शरीराला शोभेसाठी भोक पाडणं आणि शरीराची मोडतोड दुरुस्त करणं, या दोन्ही गोष्टी त्या काळीही एकाच अध्यायात, एकाच हातात होत्या.

पुण्याजवळचं नाक

आता सन १७९२ कडे येऊ. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, मराठे आणि निजाम यांचं युद्ध चालू होतं. आपल्यापासून फार दूर नसलेला धारवाडचा किल्ला मराठ्यांनी आदल्याच वर्षी घेतला होता. या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी होता. इंग्रजी कागदांत त्याचं नाव कावसजी असं आलं आहे. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. पुढे वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. हा माणूस वैद्य घराण्यातला नव्हता, विटा पाडणाऱ्या जातीतला होता.

मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. जेम्स वेल्स या चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, कावसजीचं चित्र काढलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये या हकिकतीचं एक पत्र चित्रासह छापून आलं. त्यात दिलेली कृती आजच्या वाचकालाही सहज समजते, इतकी नेमकी आहे.

आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून चांगलं दिसेल असं नाक घडवायचं. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. रेघेच्या आतली कपाळाची कातडी सोडवून घ्यायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता तशीच ठेवायची. नाकाच्या थोटकाची जुनी, बरी झालेली कड खरवडून ताजी करायची. कपाळावरची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि थोटकाभोवती दिलेल्या चिरेत तिच्या कडा बसवायच्या. कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर पसरायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून सांधा पक्का करायचा. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड लावायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली ती पट्टी कापायची.

टाके नाहीत, भूल नाही, जंतुनाशक नाही. मेण, कात, तूप आणि कापड. यांतली एकही वस्तू कावसजीच्या घरात अनोळखी नव्हती.

सुश्रुताने गालाची कातडी सांगितली होती. पुण्याजवळच्या कारागिराने ती कपाळाची घेतली. म्हणजे ग्रंथातली कृती जशीच्या तशी गिरवली जात नव्हती, ती हाताहातांतून बदलत, सुधारत आली होती. या पत्रात बैल हाकणाऱ्याचं नाव आहे, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावं आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्याचं नाव मात्र दिलेलं नाही.

भेट कलम आणि कपाळाची पट्टी

भुवयांमधली ती अरुंद पट्टी का ठेवायची? सगळी कातडी एकदम कापून नाकावर का चिकटवायची नाही? हा प्रश्न आठवी-नववीच्या मुलांना जरूर विचारावा, आणि चंदगडसारख्या भागात त्याचं उत्तर मुलांच्याच तोंडून काढून घ्यावं. कारण ज्यांच्या घरी आंब्या-काजूची झाडं आहेत त्यांना कलमं ठाऊक असतात.

भेट कलमात काय करतात? कोयीपासून वाढवलेलं रोप चांगल्या झाडाच्या फांदीजवळ नेतात. दोघांची साल थोडी तासून ती एकमेकांना बांधतात. फांदी मात्र मूळ झाडावरून कापत नाहीत. सांधा जुळेपर्यंत तिला आईकडूनच पाणी मिळत राहतं. जुळल्यावर मग तिला झाडापासून सोडवतात. कपाळाची पट्टी हीच ती आईची फांदी. त्वचा जिवंत असते, तिला रक्त लागतं. भुवयांच्या आतल्या बाजूने वर कपाळाकडे जाणाऱ्या बारीक रोहिण्या त्या पट्टीतून नव्या नाकाला रक्त पुरवत राहतात. दरम्यान थोटकाच्या ताज्या केलेल्या कडेतून नव्या केशवाहिन्या फुटून कातडीत शिरतात. साधारण तीन आठवड्यांत हा नवा पुरवठा पुरेसा होतो आणि मग पट्टी कापली तरी नाक जगतं. आजही कपाळावरून नाक करताना शल्यविशारद बहुधा तेवढेच दिवस थांबतात. रक्ताभिसरणाचं हे गणित त्या अनाम कारागिराला पुस्तकातून नव्हे, पण अनुभवातून अचूक कळलेलं होतं.

कातडीचा छोटा, पातळ तुकडा पूर्ण सुटा करून दुसरीकडे लावला तरी जगतो, हे युरोपात १८६९ मध्ये रेव्हर्दँ या डॉक्टरने दाखवलं. आपल्याकडच्या काजूच्या मृदुकाष्ठ कलमात काडी आधीच झाडावरून कापलेली असते, तसाच हा प्रकार. पण नाकासारखा जाड तुकडा असा लावला तर रक्त पोचण्याआधीच मरण्याची भीती असते.

पुण्याचं नाक जगभर

'जंटलमन्स मॅगझिन'मधलं ते पत्र लंडनच्या जोसेफ कार्प्यू नावाच्या शल्यविशारदाने वाचलं. त्याने अनेक वर्षं मृतदेहांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. भूल देण्यासाठी ईथर वापरात यायला अजून बत्तीस वर्षं होती. कार्प्यूने १८१६ मध्ये आपल्या दोन यशस्वी शस्त्रक्रियांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. दोन वर्षांनी बर्लिनच्या ग्रेफेने याच विषयावर 'ऱ्हिनोप्लास्टिक' या नावाचा ग्रंथ लिहिला. प्लास्टिक सर्जरीतल्या 'प्लास्टिक'चा बादलीच्या प्लास्टिकशी संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'घडवणे' असा आहे. कुंभार माती घडवतो तसं.

इकडे भारतात ही विद्या नाहीशी झाली नव्हती. जुनागडचे डॉक्टर त्रिभुवनदास शहा यांनी १८८९ मध्ये आपण केलेल्या शंभराहून अधिक नाकांची हकिकत प्रसिद्ध केली. त्या भागात कादू मकराणी हा दरोडेखोर लोकांची नाकं कापत असे.

पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी हजारो तरुणांचे चेहरे उद्ध्वस्त झाले. त्यांतले बरेच जण अठरा-वीस वर्षांचे होते. लंडनजवळ सिडकप इथे १९१७ मध्ये सुरू झालेल्या रुग्णालयात हॅरोल्ड गिलीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच हजारांवर सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. आजच्या प्लास्टिक सर्जरीचा पाया तिथे घातला गेला.

गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंटिया यांनी ही विद्या पुण्या-मुंबईत कुष्ठरोग्यांसाठी वापरली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या टाटा प्लास्टिक सर्जरी विभागाशी त्यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. कुष्ठरोगात नाकाच्या आतलं अस्तर आणि कूर्चा झिजून नाक मध्येच खचतं, भुवयांचे केस गळतात. औषधांनी रोग पूर्ण बरा होतो, माणूस दुसऱ्याला रोग देत नाही, तरीही खचलेलं नाक आणि केस नसलेल्या भुवया पाहून त्याला कुणी कामावर ठेवत नाही. अशा रुग्णांना डोक्याच्या केसाळ त्वचेची पट्टी लावून नव्या भुवया करून देतात. भुवई नसली म्हणून जगणं अडत नाही. मग ही शस्त्रक्रिया 'गरजेची' की 'दिसण्यासाठी'? ज्याला त्या भुवईमुळे काम मिळालं, त्याच्या दृष्टीने ती गरजेचीच होती. दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया म्हणजे थिल्लरपणा, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण आठवावं.

बर्लिनच्या शाळेतला मुलगा

इथवरच्या सगळ्या गोष्टींत काहीतरी कापलेलं, झिजलेलं, फुटलेलं होतं. जे गेलं ते परत आणायचं होतं. जे धड आहे ते बदलण्याची गोष्ट एका शाळकरी मुलापासून सुरू होते.

सन १८९६. बर्लिनमध्ये याकोप योझेफ हा तरुण डॉक्टर एका मोठ्या अस्थिरोगतज्ज्ञाच्या हाताखाली काम करत होता. एक आई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन त्याच्याकडे आली. मुलाचे कान मोठे आणि बाहेर आलेले होते. त्याला ऐकू नीट येत होतं, दुखत काही नव्हतं. पण शाळेत मुलं त्याला इतकी चिडवत, की तो शाळेत जायलाच तयार नव्हता. योझेफने त्याचे कान मागे घेतले. शस्त्रक्रिया चांगली झाली. योझेफची नोकरी मात्र गेली. निरोगी मुलावर केवळ रूपासाठी शस्त्र चालवणं त्याच्या वरिष्ठांना मान्य नव्हतं. दोन वर्षांनी त्याने एका माणसाचं मोठं नाक लहान करून दिलं आणि ती हकिकत बर्लिनच्या डॉक्टरांच्या सभेत मांडली. त्याचं म्हणणं असं होतं, की चेहऱ्याच्या लाजेने जो माणूस घराबाहेर पडत नाही, तो आजारीच आहे.

यात योझेफ बरोबर की त्याचे वरिष्ठ, यावर शिक्षकांच्या बैठकीत वाद घालून पाहण्यासारखा आहे. आम्हाला मात्र त्या गोष्टीत तिसऱ्याच पक्षाची उणीव जाणवते. मुलाच्या कानांवर उपचार झाले. वर्गावर काय उपचार झाले? मुलगा नवे कान घेऊन परत गेला तेव्हा चिडवणाऱ्यांना दुसरं कुणी सापडलं असेलच.

आणखी एक बाब आहे. योझेफ स्वतः ज्यू होता. त्याच्याकडे नाक लहान करून घ्यायला येणाऱ्यांत पुष्कळ ज्यू असत. त्यांच्या नाकांत रोग नव्हता. त्या काळच्या जर्मनीत ज्यूंचा द्वेष होता आणि व्यंगचित्रांतून 'ज्यू नाक' नावाची एक चीज लोकांच्या मनावर बिंबवली गेली होती. नाक वाईट ठरलं ते नाकाबाहेरच्या कारणाने.

नाक मोजणारे

आपल्याकडेही असंच चाललं होतं. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी त्याआधीच भारतीयांची नाकं मोजायचा सपाटा लावला होता. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणायचं, की 'नासिका निर्देशांक' मिळतो. हा आकडा जितका लहान, म्हणजे नाक जितकं अरुंद, तितकी जात वरची, असा सिद्धांत त्यांनी मांडला. तो टिकला नाही. नाकाच्या रुंदीचा हवामानाशी संबंध असल्याचं पुढच्या अभ्यासांत दिसलं. माणसाच्या लायकीशी तो कुणालाच दाखवता आलेला नाही. पण 'चाफेकळी नाक' चांगलं आणि 'नकटं' वाईट, हे आपण आजही लग्नाच्या बाजारात बोलतोच.

याच विषयात एका मराठी संशोधक बाईंचं काम आहे. 'युगान्त' लिहिणाऱ्या म्हणून इरावती कर्वे शिक्षकांना माहीत असतात. १९२८ ते १९३० या काळात त्या बर्लिनमध्ये मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशावर अवलंबून असतो का, हे इरावतीबाईंना तपासायचं होतं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष काढला, की असा फरक सगळ्यांतच असतो, त्याचा वंशाशी संबंध नाही. मार्गदर्शकाला नको असलेलं उत्तर मोजमापातून आलं, आणि त्यांनी तेच लिहिलं. त्यांच्या प्रबंधाचा विषयच मानवी कवटीची 'सामान्य असमानता' असा होता. आपला चेहरा एका बाजूला वाकडा आहे म्हणून आरशासमोर झुरणाऱ्या पोरापोरींना हे जरूर सांगावं. ज्याच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आहेत असा माणूस सापडणं कठीण.

फोटोत नाक मोठं का दिसतं?

चिठ्ठीतलं एक वाक्य आम्ही त्या दिवशी दुर्लक्षित केलं: 'फोटोत तर जास्तच दिसतं'. हे भौतिकशास्त्राचं उत्तम निरीक्षण होतं. त्या मुलाला शाबासकी द्यायला हवी होती.

वस्तू जवळ असेल तर मोठी दिसते. प्रतिमेचा आकार अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. नाकाचं टोक कानालगतच्या भागापेक्षा साधारण १२ सेंमी पुढे असतं असं धरू. मोबाइल हातात धरून स्वतःचा फोटो काढला तर भिंग नाकापासून सुमारे ३० सेंमीवर असतं, म्हणजे कानालगतच्या भागापासून ४२ सेंमीवर. ४२ भागिले ३० म्हणजे १.४. नाक बाकीच्या चेहऱ्याच्या मानाने १.४ पट मोठं उमटलं. आता फोटो दीड मीटरवरून काढू. १६२ भागिले १५० म्हणजे १.०८. या दोन आकड्यांचा भागाकार येतो जवळपास १.३. म्हणजे हातातल्या मोबाइलने तेच नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के मोठं दाखवलं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी चेहऱ्याचं गणिती प्रारूप करून हाच हिशेब मांडला, तेव्हा त्यांनाही जवळपास हाच आकडा मिळाला.

हा प्रयोग वर्गात करावा, पण कुणा मुलाच्या नाकावर नको. एक नारळ घ्यावा, त्याला पुढे मातीचं नाक चिकटवावं, ३० सेंमी आणि १५० सेंमी अंतरावरून फोटो काढावेत, दोन्ही फोटोंत नारळ सारख्याच आकाराचा दिसेल असे ते मोठे करून घ्यावेत आणि पट्टीने नाक मोजावं.

काजूचं तेल

चंदगडच्या बाजारात प्लास्टिक सर्जन बसत नाही. पण चेहरा बदलण्याचा स्वस्त माल कुठल्याही दुकानात मिळतो, आणि खेड्यातल्या मुलामुलींना खरा धोका बहुधा सुरीपेक्षा त्याचाच आहे.

याचं एक जुनं उदाहरण चंदगडकरांच्या ओळखीच्या वस्तूचं आहे. काजूच्या टरफलातल्या तेलाने हात कसा भाजतो, हे काजूच्या कारखान्यात राख किंवा तेल लावून बी फोडणाऱ्या बायकांना विचारावं. त्या तेलातली अॅनाकार्डिक आम्ल, कार्डोल ही द्रव्यं बिब्ब्यातल्या द्रव्याच्या नात्यातली आहेत. काजू आणि बिब्बा ही झाडं एकाच कुळातली. अठराव्या शतकात वेस्ट इंडीज बेटांवर राहणाऱ्या काही गोऱ्या स्त्रिया उन्हाने काळवंडलेली चेहऱ्याची कातडी घालवण्यासाठी हेच तेल तोंडाला लावत. चेहरा सुजे, काळा पडे, कातडी सोलून निघे, आणि खाली नवी, नाजूक, गोरी कातडी येई. काही दिवस. मग ऊन लागून ती पुन्हा रापत असे.

आज तेलाची जागा मलमांनी घेतली आहे. खाजेवर किंवा इसबावर देण्याची स्टिरॉइड असलेली मलमं गोरं होण्यासाठी महिनोन्‌महिने लावली जातात. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, लव वाढते, आणि मलम थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी एखादी मुलगी गोरेपणाचं मलम म्हणून नळी दाखवील, तेव्हा तिच्यावरची घटकद्रव्यं तिच्याबरोबर वाचून पाहावीत. बेटामेथाझोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांतलं नाव दिसलं तर सरकारी दवाखान्यात पाठवावं. मलम स्वतःच्या मनाने एकदम बंद करायलाही सांगू नये.

चिठ्ठीचं उत्तर

आता त्या मुलाला काय सांगायचं? आम्ही नंतर त्याला उद्देशून एक पत्र शाळेकडे पाठवलं, बंद पाकिटात. त्याचा मथितार्थ असा.

तू विचारलंस ते करता येतं. पण नाक अजून वाढतं आहे. वयात येताना नाक बाकीच्या चेहऱ्याच्या आधी पुढे धावतं आणि चेहरा मागून येऊन त्याला गाठतो. मुलींची ही वाढ साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी, मुलांची सतरा-अठराव्या वर्षी थांबते. तोवर कुठलाही जबाबदार डॉक्टर निव्वळ रूपासाठी नाकाला हात लावणार नाही, आणि अठरा वर्षांआधी आईवडिलांच्या संमतीशिवाय तर नाहीच. शस्त्रक्रियेत भूल असते, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका असतो, कधी श्वासाला अडथळा होतो, काहींना ती दुसऱ्यांदा करावी लागते. घाईने केलेलं नाक पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. श्वास कोंडत असेल, मार लागून नाक वाकलं असेल, तर मात्र आताच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. आणि हातातल्या मोबाइलमध्ये दिसणारं नाक तुझं नाही, ते भिंगाचं आहे. सोबत आकडेमोड दिली आहे, ती करून पाहा.

शिक्षकांसाठी यापेक्षा थोडं अधिक सांगायला हवं. फाटलेला ओठ, चिकटलेल्या टाळूची फट, भाजल्याने आखडलेली मान किंवा हात, यांना 'दिसण्याची बाब' म्हणून सोडून देऊ नये. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाला अशी मुलं दाखवता येतात. फाटलेला ओठ आणि टाळू यांच्यावर मोफत उपचार त्यात आहेत. बाहेर आलेले कानही 'दिसण्याची बाब' म्हणून सोडून देऊ नयेत. कानाची बहुतेक वाढ पाच-सहा वर्षांतच होते, त्यामुळे त्यासाठी थांबायची गरज नसते. याउलट कुणालाही न दिसणाऱ्या दोषापायी एखादा मुलगा तासन्‌तास आरसा बघतो, तोंड झाकून बसतो, शाळा बुडवतो, असं दिसलं तर तो वेगळा आजार असू शकतो. इटलीतल्या मॉर्सेली या डॉक्टरने १८९१ मध्ये त्याचं वर्णन केलं आहे. तो बहुधा याच वयात सुरू होतो आणि त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय सहसा लागू पडत नाही. अशा मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं लागतं.

उरतो तो वर्ग. कावसजीचं नाक शत्रूने सुरीने कापलं होतं. बर्लिनच्या मुलाचे कान कुणी कापले नव्हते आणि आपल्या मुलाचं नाकही कुणी कापलेलं नाही. तरी दोघांनाही आपल्यात काहीतरी मोडलेलं आहे असं वाटू लागलं. हे त्यांना आरशाने सांगितलं नव्हतं. कुणीतरी एका टोपणनावाने सांगितलं होतं आणि बाकीचे हसले होते. त्या हशात त्या दिवशी आमचाही वाटा होता. 'लाडानं' म्हटलेलं नाव मुलाला लाडाचं वाटतं की नाही, हे त्यालाच ठरवू द्यावं. बाकी जे डॉक्टरांकडे न्यायचं ते न्यावं. पण हजेरीच्या वेळी मुलाला त्याच्या नावाने हाक मारायला डॉक्टर लागत नाही.

आम्ही खोका अजूनही नेतो. चिठ्ठ्या मात्र आधी मनात वाचतो.